दोघींना लाल पत्ता

पुरिंग मॅडमनी वर्गात खेळ आणला तो हौसेनं नाही. घसा गेला म्हणून आणला.

फिलिपिन्समधल्या कापिझ प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, सरकारी हायस्कुलात त्या पदार्थविज्ञान शिकवत. कागदोपत्री नाव पुरिफिकासिओन दिस्तोर, पण ते फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी सगळ्या गावाच्या त्या पुरिंग मॅडम. तीसेक वर्षं भरगच्च वर्गांवर आवाज चढवायचा, पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की आणखी चढवायचा, रस्त्यानं निवडणुकीचे भोंगे गेले की त्यांच्याही वर. एका वर्षी आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. रोहास शहरातल्या डॉक्टरनं घशात नळी घालून पाहिलं.

"गाठी आहेत. बोलणं कमी करा."

"डॉक्टर, मी शिक्षिका आहे."

"मग हळू बोला."

तेव्हापासून त्यांच्या कमरेला एक छोटा स्पीकर आणि गालाशी माइकची काडी आली. शाळेतल्या निम्म्या शिक्षकांच्या कमरेला तो होताच, त्यामुळे कुणी हसलं नाही. पण बॅटरी उतरली की मॅडमचा आवाज बदकासारखा यायचा आणि मागची बाकं क्वॅक क्वॅक करायची. मॅडम रागवायच्या नाहीत. रागवायलाही घसा लागतो.

त्या सुट्टीत इलोइलो शहरात शिक्षकांचं क्वांटम भौतिकीचं प्रशिक्षण होतं. एका तरुण प्राध्यापकानं सगळ्यांना दोन खोल्यांत वाटलं, हातात पत्ते दिले, खेळाचा नियम सांगितला आणि स्वतः खिडकीत बसून उकडलेलं केळं सोलायला घेतलं. दुपारभर शिक्षक मंडळी भांडली, ओरडली, एकमेकांना चुकीचं ठरवून मोकळी झाली. तो पोरगा जेमतेम दहा वाक्यं बोलला असेल. बाकीचे खेळात गुंगले होते, पुरिंग मॅडम मात्र त्याच्याकडेच पाहत होत्या. क्वांटम राहू दे बाजूला. हा माणूस शिकवतोय आणि बोलत नाहीये. हे आपल्याला जमेल, असं त्यांच्या मनानं घेतलं.

शाळा सुरू झाल्यावर त्यांनी वरच्या वर्गात खेळ मांडला.

"दोघं भिडू," त्या म्हणाल्या. "एक या खोलीत, एक शेजारच्या. प्रत्येकाला एक पत्ता दाखवला जाईल, लाल नाहीतर पांढरा. तो पाहून तुम्ही शिंपला वर करायचा नाहीतर खडा. दोघांनी सारखंच दाखवलं की जिंकलात. अपवाद एकच. दोघांनाही लाल आला तर मात्र वेगवेगळं दाखवायचं. आधी काय ठरवायचं ते ठरवून घ्या. खोलीत गेल्यावर तोंड बंद. पलीकडच्याला काय आलं ते तुम्हाला कळणार नाही."

"एवढंच, मॅडम?"

"एवढंच."

पोरं हसली. हे काय, लहान पोरांचा खेळ! आणि मग हरायला लागली. कायम शिंपलाच दाखवायचा असं ठरवलं तर चारातले तीन डाव मिळत, पण दोघांना लाल आला की आपटी. तो डाव सांभाळायला गेलं की दुसराच कुठलातरी निसटे. तोकड्या चादरीसारखं, डोकं झाकलं की पाय उघडे. आठवडाभर पोरांनी डोकं लढवलं आणि शेवटी वैतागून म्हणाली, "मॅडम, हा खेळ लबाड आहे. जिंकताच येत नाही."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "नुसतं आधी ठरवून चारात तीनच्या वर सरासरी जात नाही. कुणाचीच. पण निसर्गात कणांच्या अशा काही जोड्या असतात, एकत्र तयार झालेल्या. त्यांना दूर दूर नेलं आणि त्यांच्या मदतीनं हाच खेळ खेळला, तर शंभरात पंच्याऐंशी डाव जिंकता येतात."

मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, ते कण बाजारात कुठल्या गल्लीत मिळतात?" हशा झाला. घंटा झाली. पोरं खाऊच्या टपरीकडे पळाली.

दर वर्षी हे असंच व्हायचं. खेळ आवडायचा, आणि ज्याच्यासाठी खेळ मांडला ते सांगायची वेळ आली की चेहरे कोरे. मॅडमना त्याचं वाईट वाटायचंही हळूहळू बंद झालं. फळा पुसायचा, स्पीकर बंद करायचा, पुढच्या वर्गावर जायचं.

घरी त्यांचा नवरा सांतो होता. जन्मभर मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी, आता गुडघे गेल्यामुळे कायमचा किनाऱ्याला लागलेला. सकाळी लसणीचा परतलेला भात आणि सुकी मासळी तळता तळता त्यानं खेळाचा नियम ऐकून घेतला.

"हे तर आपण लग्न झाल्यापासून खेळतोय," तो म्हणाला. "मी जहाजावर, तू इथे. मला कुठला पत्ता आलाय ते तुला कधी कळलं?"

"आणि तू कायम खडाच दाखवलास," मॅडम म्हणाल्या. "भात करपतोय."

दोन-चार वर्षं अशी गेली. मग लुवीमिन मुख्याध्यापिका झाली.

लुवीमिन बेलार्मिनो ही पुरिंग मॅडमचीच जुनी विद्यार्थिनी. तिसऱ्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी. आता तिच्या डोक्यावर अख्खी शाळा होती, आणि शाळेच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. वादळात नव्या इमारतीचे पत्रे उडाले ते उडालेच. वरचे वर्ग अमेरिकनांच्या काळातल्या जुन्या लाकडी इमारतीत भरत होते, खांबांवर उभ्या असलेल्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या. लुवीमिननं अर्जांवर अर्ज केले होते. कार्यालयातून उत्तर यायचं ते प्रदर्शनांचं आमंत्रण: प्रत्येक शाळेनं अध्यापनाची एक नवी पद्धत सादर करावी.

"मॅम, तुमचा तो खेळ देऊया," ती म्हणाली. सगळ्यांसमोर दोघी एकमेकींना 'अहो-जाहो' करत. एकट्या असल्या की मॅडम तिला 'अगं लुवी' म्हणत. "आमच्या वेळी का नव्हता हो शिकवलात?"

"तेव्हा घसा होता."

"त्या खेळाला नाव काय?"

"नाव नाही."

"अहो, नाव तर हवंच!"

दोन दिवसांनी फाटकावर फ्लेक्स लागला. 'खेळातून क्वांटम!' खाली पुरिंग मॅडमचा ओळखपत्रावरचा फोटो, छापणाऱ्यानं गोरा करून, ओठ रंगवून. त्यांना न्यायला आलेल्या सांतोनं तीनचाकी थांबवून तो नीट पाहिला.

"कितव्या वॉर्डातून उभी आहेस?"

"चल घरी," मॅडम म्हणाल्या. "पाय सुजलेत."

त्यानंतरचे दिवस त्यांना धड आठवतही नाहीत. शनिवारी तालीम, रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की अहवाल. उद्दिष्टं लिहा, फलनिष्पत्ती लिहा, फोटो जोडा. मुलांना एकसारखे शर्ट. खोल्यांच्या मधल्या लाकडी भिंतीवर पडदा, कारण उघडी भिंत फोटोत बरी दिसत नाही. या सगळ्यात शिकवणं बसवायचं. दुपारी एखादा तास रिकामा मिळाला की मॅडम टेबलावर हात ठेवून, हातांवर कपाळ ठेवून बसत.

विभागीय कार्यालयातले साहेब आले तो दिवस. गोल चेहऱ्याचे, हसतमुख, घामानं डबडबलेले. पहिल्या दोन जोड्या नेहमीसारख्या खेळल्या, जिंकल्या, हरल्या. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग मेरिजिल आणि ओनेसा उठल्या.

ओनेसा म्हणजे दोघींचं तोंड. मेरिजिल कालवांच्या तराफ्यांवर काम करणाऱ्या घरातली. बोटांवर कायम शिंपल्यांचे ओरखडे, आणि बोलणं इतकं कमी की हजेरीलाही नुसतं बोट वर करायची. मेरिजिल या खोलीत खिडकीशी बसली, ओनेसा पलीकडे. दोन्हीकडे पत्ते दाखवायला एकेक शिक्षक.

पहिला डाव जिंकला. दुसरा जिंकला. दोघींना लाल आला, मेरिजिलनं शिंपला दाखवला, पलीकडून शिक्षकाचा ओरडा आला, "खडा!" जिंकला. पुन्हा दोघींना लाल, पुन्हा जिंकला. लोक सरसावून बसले. साहेब उभे राहिले. डावामागून डाव झाले, पोरी एकदाही चुकल्या नाहीत. शेवटी साहेबांनीच टाळ्या सुरू केल्या.

"म्हणजे या मुलींनी क्वांटम करूनच दाखवलं म्हणायचं!"

सगळे हसले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. लुवीमिनच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी दोघी मुलींना दोन बाजूंना घेऊन फोटो काढला आणि जाहीर करून टाकलं, ही शाळा इलोइलोच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार.

पुरिंग मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणीतरी त्यांच्या हातात नूडल्सची कागदी ताटली दिली. ती त्यांनी तशीच खिडकीत ठेवली. हे होऊच शकत नाही, हे त्या अख्ख्या गर्दीत एकट्या त्यांना माहीत होतं.

लोक पांगले. खोलीत खुर्च्या अस्ताव्यस्त पडल्या होत्या. मॅडमनी बूट काढले, खिडकीशी मेरिजिलच्या खुर्चीत बसल्या आणि सुजलेली पावलं जमिनीवर टेकली. लाकूड गार होतं. एवढ्यात पलीकडच्या खोलीत सांतो आला. त्यांना शोधत, एक पाय ओढत, नेहमीच्या जड चालीनं. आणि मॅडमच्या तळव्याखालची फळी हलली. किंचित; खालून कुणी बोट लावावं तशी.

"सांतो, तिथेच थांब."

"का? साप आहे?"

"दोन पावलं मागे जा. आता टाच दाब."

फळी हलली. पडद्यामागच्या भिंतीखालून ती सलग या खोलीतून त्या खोलीत गेली होती. जुन्या सुतारांनी लांबच लांब लाकूड तसंच टाकलेलं, भिंत नंतर वरून बसवलेली.

"पुन्हा दाब."

"पुरिंग, माझे गुडघे आहेत, शिवणयंत्राचं पायडल नाही."

मॅडम हसल्या, मग हसता हसता त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी दोघींना बोलावलं. काही न विचारता मॅडम खिडकीपाशी गेल्या आणि त्या फळीवर टाच आपटली. ओनेसानं आधी छताकडे पाहिलं, मग दाराकडे.

"आम्ही आवाज नाही केला, मॅडम. तुम्ही तोंड बंद म्हणाला होतात. तोंड बंदच होतं."

"कोणाची कल्पना?"

ओनेसा गप्प बसण्याची ती पहिलीच वेळ असावी. मेरिजिल म्हणाली, "माझी."

"केव्हापासून?"

"आधी खरंच करून पाहिलं, मॅडम. तराफ्यावर बसून पाहिलं. हिनं असं करायचं, मी तसं करायचं. सगळ्या तऱ्हा झाल्या. एक डाव राहतोच." ती थांबली, एवढं बोलून तिला धाप लागल्यासारखं झालं होतं. "मग कळलं की पलीकडचीला कळवल्याशिवाय हे होणारच नाही. म्हणून कळवलं. मला लाल आला की टाच दाबायची. मी कायम शिंपला. बाकीचं ओनेसा बघते."

पुरिंग मॅडम बाकावर बसल्या. त्या रागवायच्या तयारीनं आल्या होत्या, चार वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती. पण कळवल्याशिवाय हे होणारच नाही, हे इतकी वर्षं त्या फळ्यावर लिहीत होत्या आणि पोरं उतरवून घेत होती. या पोरीनं ते स्वतःच्या जिवावर काढलं होतं. चोरी करण्यासाठी का होईना.

"मॅडम," मेरिजिल म्हणाली, "तुम्ही ते कणांच्या जोड्यांचं सांगता ना. त्यांची फळी कुठे असते?"

स्पीकर बंद होता. मॅडम साध्या, फाटक्या आवाजात म्हणाल्या, "फळी नसते."

"असणारच."

"शोधली, इंदाय, माझ्या पोरी. इकडच्याचा निरोप तिकडे पोचायला वेळच उरणार नाही, इतक्या दूर ठेवून पाहिलं लोकांनी. तरी जिंकतात. आणि एकमेकांना निरोप पाठवायचा म्हटलं तर तोही त्यांना पाठवता येत नाही."

"मग कसं जमतं?"

"माहीत नाही. हिशेब मांडता येतो. कसं, ते मला माहीत नाही. माझ्यापेक्षा पुष्कळ शहाणे आहेत, ते अजून भांडताहेत."

मेरिजिलच्या कपाळावर आठी पडली. "हे बरोबर नाही," ती म्हणाली. म्हणजे उत्तर चुकलं असं नव्हे. कुणीतरी आपल्याला फसवलंय, असं. कणांनी, मॅडमनी, कुणीतरी. मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. एवढ्या वर्षांत या गोष्टीचा असा राग कुणाला आला नव्हता. यायला हवा होता.

"आमचं आता काय, मॅडम?" ओनेसानं विचारलं. "इलोइलोला जायचं ना? हॉटेलात राहायचं आहे म्हणे."

"जा वर्गात," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी लगेच कुणाला काही सांगितलं नाही. खरं तर सांगायचंच नाही, असं जवळजवळ ठरलं होतं. कोण धावपळ करणार? एक दिवस इलोइलोला जायचं, टाळ्या घ्यायच्या, परत यायचं. छप्पर मिळालं तर पोरांच्या डोक्यावरच येणार. सांतोनं तूर, फणस आणि डुकराचं मांस घालून कालवण केलं होतं. ताटावर बसून त्यांनी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जहाजावर कप्तानाच्या टेबलावर शिळं सूप गेलं आणि तो 'वा' म्हणाला, तर आम्ही गप्प बसायचो."

"मग?"

"मग काही नाही. दुसऱ्या दिवशी तो तेच मागायचा."

पुढच्या शनिवारी तालमीला मेरिजिल आली आणि दारातच उभी राहिली. एकसारखा शर्ट घालूनच आली नव्हती.

"मी खेळणार नाही."

"बघा ना, मॅडम!" ओनेसा कळवळली. "हिला सांगा काहीतरी. माझ्या आईनं बॅगसुद्धा आणली उसनी."

"आम्ही तिथे सगळे डाव जिंकलो," मेरिजिल मॅडमकडे बघून म्हणाली, "तर लोकांना वाटेल की हे जमतं. मग त्यात नवल काय राहिलं? मग कण काय वेगळं करतात?"

मॅडमना खरं तर तिला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी अतोनात थकवा आला. कारण आता गप्प बसायची सोय उरली नव्हती.

लुवीमिन ऑफिसात एकटीच होती. तिनं सगळं ऐकलं आणि तळहातांनी डोळे दाबून धरले.

"मॅम, कृपा करा. कुणाला कळलंय का? नाही ना?"

"लुवी, ते कणसुद्धा शंभरात पंधरा वेळा हरतात. या पोरी एकदाही हरल्या नाहीत. तिथे एक जाणता माणूस बसलेला असला तरी संपलं."

"माझ्या शाळेला छप्पर नाही." ती हळू बोलत होती, पण ओरडल्यासारखी. "पाऊस आला की दोन वर्ग एका खोलीत कोंबते मी. नाव झालं की साहेब फाइल हातात घेतात. तुम्हाला माहीत आहे हे."

"माहीत आहे."

"मग?"

बाहेर कुणाचा तरी कवायतीचा तास चालला होता. शेवटी लुवीमिननं फोन पुढे सरकवला. "तुम्हीच सांगा. माझ्याच्यानं होणार नाही."

साहेबांनी अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

"मॅडम, किती डाव जिंकतात म्हणालात ते कण? शंभरात पंच्याऐंशी? मग सोपं आहे. मुलींना सांगा, फळी वापरा, आणि मधूनमधून मुद्दाम हरा. पंच्याऐंशी जुळवा. झालं क्वांटम!"

"साहेब, मग तो खेळ नाही राहिला. नाटक झालं."

"मॅडम, प्रदर्शन म्हणजे दुसरं काय असतं?"

माणूस दुष्ट नव्हता. बोलण्यात कुठे खोचही नव्हती. त्यानं आपल्या परीनं मार्ग काढून दिला होता.

"आम्हाला नाही जमणार, साहेब," त्या म्हणाल्या. शेवटचे शब्द नुसती हवा होऊन बाहेर पडले. लुवीमिननं फोन हातातून घेतला आणि तेच वाक्य पुन्हा, स्पष्ट, आपल्या आवाजात सांगितलं. फोन ठेवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. "जा आता, मॅम," एवढंच म्हणाली.

अर्ज मागे घेतला. कारण लिहिलं, शिक्षिकेची प्रकृती. ते खोटंही नव्हतं. इलोइलोला शेजारच्या गावातली शाळा गेली, केळफुलाचे कटलेट घेऊन, आणि तिला बक्षीसही मिळालं म्हणे. ओनेसाची आई शाळेत येऊन भांडून गेली. तिच्या मुलीचं नाव यादीतून काढायला मुलीनं असं काय केलं होतं? मॅडमनी तिला सांगितलं नाही, ओनेसानंही नाही. दोघी मैत्रिणी महिनाभर बोलत नव्हत्या, मग बोलायला लागल्या. वर्षअखेरीस मेरिजिलला पदार्थविज्ञानात काही फार गुण पडले नाहीत. ती रोहासला हिशेबनिसाचा अभ्यासक्रम शिकायला गेली, कारण तिथे मावशी होती आणि राहायची सोय होती. छप्पर त्या वर्षी आलं नाही.

लुवीमिन नाताळापर्यंत कामापुरतंच बोलली. सभेत 'मॅडम दिस्तोर' म्हणायची. मॅडमना त्याचं फारसं काही वाटून घ्यायचं त्राण नव्हतं. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

सुट्टीनंतर एके दिवशी, दुपारचे वर्ग संपल्यावर, ती लाकडी इमारतीत आली. बाक ओढून मॅडमसमोर बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. टेबलावर हात ठेवले तेव्हा ते वयापेक्षा म्हातारे दिसले.

"अर्जावर सही मी केली," ती म्हणाली. "फ्लेक्स मी लावला. भाषणही पाठ केलं होतं. पण तो खेळ मला कधी कळलाच नाही, मॅम. तिथे कुणी एक प्रश्न विचारला असता तर मी मुकीच."

"आत्ता?"

"आत्ता."

मॅडमनी खण उघडला. पत्ते पालथे घालून मिसळले, लुवीमिनपुढे एक शिंपला आणि एक खडा ठेवला, तसेच आपल्यापुढे. नियम सांगायला फार बोलावं लागलं नाही. दोघींनी एकेक पत्ता उचलून आपापल्यापुरता पाहिला, तळहाताखाली काय ते झाकलं आणि एकदम हात उघडले. दोघींचे शिंपले. जिंकल्या. पुन्हा जिंकल्या. तिसऱ्यांदा दोघींना लाल आला आणि दोघींचे शिंपलेच निघाले.

"थांबा," लुवीमिन म्हणाली. "मी लालला खडा दाखवते."

मग दुसराच डाव गेला. तिनं ओठ चावला. आणखी एक तऱ्हा काढली, आणखी एक. फोन वाजला, तिनं तो न बघता बंद केला. खिडकीतून भरतीचा खारट वास येत होता. मॅडम नुसत्या पत्ते मिसळत होत्या. बोलायचं काहीच नव्हतं, आणि त्याचं त्यांना बरं वाटत होतं.

"हे चिडवणारं आहे हो, मॅम."

"हो."

"माझंच काहीतरी चुकतंय का?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. लुवीमिननं कपाळावरचे केस मागे सारले, पत्त्यांकडे संशयानं पाहिलं आणि हात पुढे केला.

"वाटा. अजून एक."